साहेब म्हणजे कोण?

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या हळदीकुंकू समारंभातील भाषण)



मी काही बोलणारी बाई नव्हे. सातवीपर्यंत शिकले. आठवीची शाळा दुसऱ्या गावी होती आणि वाटेत ओढा होता. त्या ओढ्याच्या अलीकडेच माझे शिक्षण थांबले. त्यामुळे कुठे चुकले तर सांभाळून घ्या.

यंदा आपल्या चिटणीसताईंनी नवीनच टूम काढली. हळदीकुंकवाला नुसते वाण लुटायचे नाही, प्रत्येकीने एकेका शब्दावर बोलायचे. चिठ्ठ्या टाकल्या. कुणाला 'माहेर' आले, कुणाला 'मीठ' आले. दोघीही भाग्यवान. माझ्या चिठ्ठीत निघाले 'साहेब'! सगळ्या जणी हसल्या. मीही हसले. पण घरी जाऊन भाकरी थापताना विचार करू लागले तेव्हा हसू थांबले. कारण या एका शब्दापायी मी गेल्या वर्षी चांगलीच फसले होते. ते पुढे सांगेनच.

आधी मी काय केले, तर दिवसभरात 'साहेब' किती वेळा ऐकू येते ते मोजले. सकाळी कुरियरवाला आला, "साहेब आहेत का घरात?" म्हणाला. म्हणजे आमचे हे! हे एस. टी. त कंडक्टर. गाडीत उतारू यांना 'मास्तर' म्हणतात, दारात कुरियरवाला 'साहेब' म्हणतो, आणि सासूबाई अजून 'बाळ्या' म्हणतात. माणूस एकच. पुढे बँकेत गेले. तेथे दारावर बंदूक घेऊन उभा असतो तो साहेब, पासबुक छापून देतो तो साहेब, आणि आतल्या काचेच्या खोलीतला तर मोठा साहेब. पोलिसाला आपण एकटे असलो की 'मामा' म्हणतो आणि काम पडले की 'साहेब' म्हणतो. संध्याकाळपर्यंत माझी बोटे संपली, साहेब संपले नाहीत.

बरे, शब्दांची अशी गंमत आपल्याकडे होतेच. 'महाराज' म्हटले की एक छत्रपती आठवतात, एक कीर्तनकार आठवतात, आणि लग्नघरात 'महाराजांना विचारा' म्हटले तर आत जिलेबी तळणारे आचारी बाहेर येतात. पण महाराज म्हटल्याने आचाऱ्याला कोणी घाबरत नाही. 'साहेब' म्हटले की मात्र आपला आवाज आपोआप खाली येतो, पदर खांद्यावर ओढला जातो, आणि सांगायचे असते ते निम्मे विसरून जाते. हे असे का होते, ते मला शोधायचे होते.

म्हणून मी आपल्या गावच्या वाचनालयात गेले. तेथल्या ग्रंथपालांनी मला दाते आणि कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' काढून दिला. १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात भाग निघाले. एकेक भाग उचलायला दोन हात लागतात. शब्द शोधायलाच मला अर्धा तास लागला, कारण 'स' अगदी शेवटी. तेव्हा कळले की 'साहेब' हा आपला शब्दच नव्हे. तो अरबी, मूळचा 'साहिब'. फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. आणि त्याचा मूळ अर्थ काय असेल? मालक? हुकूम करणारा? नव्हे. मूळ अर्थ सोबती!

माझा विश्वास बसेना. म्हणून पलीकडच्या आळीतल्या चाचींना विचारले. त्या म्हणाल्या, "अगदी बरोबर आहे. पैगंबरांच्या सोबत जे राहिले, त्यांना आम्ही 'सहाबा' म्हणतो. तो त्याच घरचा शब्द." आणि ग्रंथपालांनी आणखी एक गोष्ट दाखवली. आपण रोज 'सोबत' म्हणतो ना, रात्री दवाखान्यात जायचे झाले तर शेजारणीला "सोबतीला चल ग" म्हणतो, तो 'सोबत' शब्दसुद्धा अरबीतूनच आलेला, त्याच मुळाचा. म्हणजे साहेब आणि सोबत ही एका आईची लेकरे. एक कचेरीत जाऊन खुर्चीवर बसले आणि एक आपल्याबरोबर अंधारात चालत राहिले.

मग सोबत्याचा धनी कसा झाला? अरबी-फारसीतच हा शब्द एखादी वस्तू ज्याच्यापाशी आहे त्यालाही लावू लागले. ज्याच्यापाशी घर तो घराचा साहिब, ज्याच्यापाशी सत्ता तो सत्तेचा साहिब. देवालाही हे नाव मिळाले. कबीरांच्या पदांत देव 'साहिब' आहे. शीख लोक आपल्या ग्रंथालाच 'गुरू ग्रंथ साहिब' म्हणतात. आपल्या नांदेडला, जेथे गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली देह ठेवला, त्या स्थानाला 'हुजूर साहिब' म्हणतात. तेथे साहेब म्हणजे धाक नव्हे, भक्ती आहे.

आपल्या मराठी मुलुखातही हा शब्द जुना. शिवकाळातल्या पत्रांत महाराजांचा उल्लेख 'साहेब' म्हणून येतो. महाराजांनी तर फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द यावेत म्हणून 'राजव्यवहारकोश' करवून घेतला. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला. पण 'साहेब' काही लोकांच्या तोंडातून गेला नाही. का गेला नाही, त्याचे कारण मला असे वाटते की तोपर्यंत आपण त्याला घरात घेतले होते. बघा, आपण नुसते साहेब क्वचितच म्हणत होतो. आधी नाते लावायचे, मग साहेब. आईसाहेब, दादासाहेब, भाऊसाहेब, काकासाहेब, आबासाहेब, अण्णासाहेब. जिजाऊंना आऊसाहेब म्हणत. १७६१ साली पानिपतावर लढलेले सदाशिवराव ते भाऊसाहेब. त्यांच्यावरच्या बखरीचे नावच 'भाऊसाहेबांची बखर'. झाशीच्या राणीला बाईसाहेब म्हणत. म्हणजे हा शब्द पुरुषांनाच लावायचा, असे आपल्याकडे कधीच नव्हते. हे लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

मग इंग्रज आला आणि नाते गळून पडले. 'साहेब' म्हणजे गोरा माणूस, एवढाच अर्थ राहिला. साहेबाची टोपी, साहेबाची भाषा, साहेबी थाट. त्याची बायको ती मेमसाहेब किंवा मडम. आणि आपल्यातल्या काहींना मोठे करायचे झाले तर सरकार सनद देऊन 'रावसाहेब' आणि 'रावबहादूर' करी. म्हणजे साहेब झाला सरकारने वाटायचा शिक्का. आपला आवाज खाली जायला लागला तो तेव्हापासून असावा, असे मला वाटते.

येथे एक गोष्ट मला फार आवडली, ती सांगते. २६ जानेवारी १९५० पासून आपली राज्यघटना लागू झाली. तिच्या अठराव्या कलमात लिहिले आहे की सैन्यातील आणि विद्येच्या पदव्या सोडून सरकारने कोणाला किताब द्यायचे नाहीत. झाले, रावसाहेबी-रावबहादुरीचे दुकान बंद! आणि ज्या समितीने त्या घटनेचा मसुदा केला, तिचे अध्यक्ष कोण? डॉक्टर भीमराव आंबेडकर. त्यांना सगळे काय म्हणतात? बाबासाहेब. ही पदवी कोणत्याही सरकारने दिलेली नाही. ती लोकांनी दिली आणि आधी 'बाबा' लावून दिली. सरकारी साहेबी कायद्याने गेली आणि मायेची साहेबी राहिली. शब्द एकच, पण एक वरून खाली येतो आणि एक खालून वर जातो.

आता माझी फजिती सांगते.

माझे वडील गेल्या वर्षी वारले. माहेरी दीड एकर जमीन आहे. सात-बाऱ्यावर वारसांची नोंद करायची होती. भाऊ मुंबईला नोकरीला, आईला चालवत नाही, म्हणून मला म्हणाले, "तू जवळ आहेस, तू जाऊन दे." गावात एकाने अर्ज लिहून ठेवला होता. तो घेऊन मी निघाले.

आमच्याकडे तलाठ्याला भाऊसाहेब म्हणायची पद्धत आहे. तलाठी कोणीही असो, गावाचा तो भाऊसाहेब. पहिल्या खेपेला कुलूप होते. भाऊसाहेबांकडे तीन गावे, त्या दिवशी दुसऱ्या गावी. दुसऱ्या खेपेला दार उघडे होते. आत डोकावून पाहिले तर एक पोरगीच कॉम्प्युटरवर काहीतरी टिपत बसलेली. साधा पंजाबी ड्रेस, केसांना रबर. मला वाटले, कॉम्प्युटरवर कामाला ठेवलेली मुलगी असेल. मी बाहेर वळले. ओसरीच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोटात अंगठी, खिशाला दोन पेने, हातात कागदांची पिशवी. माझे हात आपोआप जोडले गेले. "साहेब, वारसाच्या नोंदीचे काम होते."

त्यांनी 'मी साहेब नाही' असे म्हटले नाही. अर्ज घेतला, उलटसुलट पाहिला, मान हलवली, आणि म्हणाले, "होऊन जाईल. पण खर्च येतो." मी पर्समधून पाचशेची नोट काढून दिली. ती शेंगा विकून आईने दिलेली. त्यांनी ती घडी न मोडता खिशात घातली, अर्जही पिशवीत घातला आणि म्हणाले, "सोमवारी या."

सोमवारी गेले तर बाक रिकामा. तासभर उन्हात बसले. शेवटी ती आतली मुलगीच दारात आली आणि म्हणाली, "ताई, केव्हाच्या बसलात, कोणाकडे काम आहे?"

मी म्हटले, "भाऊसाहेबांची वाट बघतेय. कधी येणार ते?"

ती हसली. म्हणाली, "आत या ताई. मीच तलाठी."

मैत्रिणींनो, धरणी पोटात घेईल तर बरे, असे मला झाले. आपल्या मंडळात मी आठ वर्षे सभासद. मुलींनी शिकावे, पुढे यावे म्हणून येथे मीही टाळ्या वाजवते. आणि शिकून पुढे आलेली मुलगी समोर बसली होती, तर मला ती दिसलीच नाही. मला शर्ट दिसला, अंगठी दिसली, पेने दिसली. त्या माणसाने मला फसवले हे खरे, पण त्याला साहेब मीच केले होते. तो बिचारा नुसता गप्प बसला.

मी तिला सगळे सांगितले. ती रागावली, पण माझ्यावर नाही. म्हणाली, "या कामासाठी कोणाला पैसे द्यायचे नसतात. त्याच्यावर तक्रार लिहून देता का?" मी नाव कोणाचे सांगणार? मला त्याचे नावही माहीत नव्हते. साहेब म्हटल्यावर नाव विचारायची हिंमत कोणाला होते? ही आणखी एक चूक.

मग तिने नवा अर्ज लिहायला घेतला. मृत्यूचा दाखला पाहिला, रेशनकार्ड पाहिले. वारस कोण म्हणून विचारले. मी म्हटले, "आई आणि भाऊ." पहिल्या अर्जात तेवढेच लिहिलेले होते. तिने पेन थांबवले. "मुली किती?" मी म्हटले, "दोघी. पण आमची लग्ने झालीत." ती म्हणाली, "ताई, लग्न झाले म्हणून वडील बदलतात का? १९५६ च्या कायद्याप्रमाणे बायको, मुलगा, मुलगी सगळेच वारस. घ्यायचे की सोडायचे हे तुमचे तुम्ही नंतर ठरवा. पण नाव गाळून खोटा कागद मी कसा करू?"

तिने आम्हा दोघी बहिणींची नावे लिहिली. माझे नाव मीच गाळून घेऊन गेले होते, एवढेच नव्हे तर ते गाळलेला कागद पुढे जावा म्हणून आईची नोट दिली होती! मी तेथूनच भावाला फोन लावला. तो म्हणाला, "लिही की, त्यात विचारायचे काय?" त्याच्या मनात काही नव्हतेच. आमच्या तिघांच्याही मनात काही नव्हते. रीत अशीच म्हणून नाव गळले होते.

मुलीने मला अर्जाची पोच दिली. नोटिशीचे पंधरा दिवस कसे धरायचे ते समजावले. निघताना माझ्या तोंडून आले, "उपकार झाले, बाईसाहेब." ती म्हणाली, "उपकार कसले ताई, मला याचा पगार मिळतो." भिंतीवर एक फलक होता, तो तिने दाखवला. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. कोणते काम किती दिवसांत व्हायचे ते त्यावर लिहिलेले. दोन खेपांत मी त्या फलकाखालून गेले होते, पण वाचला नव्हता.

नोंद झाली. सात-बाऱ्यावर आमची चौघांची नावे आली. पाचशे रुपये गेले ते गेलेच. आईला मी अजून सांगितलेले नाही. आता स्मरणिकेत छापून आले की कळेल.

तर मी कोशात 'साहेब म्हणजे सोबती' असे वाचले तेव्हा मला त्या मुलीची आठवण झाली. तिने मला काही बहाल केले नाही. तिने फक्त मला माझ्या हक्काच्या कागदापर्यंत सोबत केली. मूळ अर्थाने ती साहेब. आणि तो बाकावरचा नुसता शर्ट.

आता कोणी म्हणेल, हे एकटीचेच वेड. पण जरा आजूबाजूला पाहा. आपल्या राज्यात २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. किती गावांत बाई सरपंच आहे! पण लोक 'सरपंच साहेब' म्हणून हाक मारतात ती कोणाला? तिच्या नवऱ्याला. त्याला 'सरपंचपती' असा नवा शब्दच निघाला आहे. निवडून आली ती, सही तिची, आणि साहेब तो. आपल्या देशात प्रशासकीय सेवेत पहिली बाई दाखल झाली ती १९५१ साली, अण्णा राजम. लग्नानंतर मल्होत्रा. पुढे त्या आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदराच्या अध्यक्ष झाल्या. म्हणजे बाई खुर्चीवर बसून सत्तर वर्षांवर काळ झाला. तरी खुर्चीकडे पाहताना आपण अजून मिशा शोधतो.

मग काय, हा शब्दच टाकून द्यावा? केरळात एका गावाने तसे केले. पालघाट जिल्ह्यातल्या माथूर ग्रामपंचायतीने २०२१ साली ठरवले की आमच्या कचेरीत कोणी 'सर' किंवा 'मॅडम' म्हणायचे नाही. नावाने किंवा हुद्द्याने बोलवायचे. लोक कामासाठी येतात, विनवणीसाठी नव्हे, असा त्यातला भाव. मला ते वाचून बरे वाटले. पण आपल्याकडे वडीलधाऱ्याला नुसत्या नावाने हाक मारायला माझी तरी जीभ रेटत नाही. आणि नुसता शब्द बदलून काय होणार? साहेबाच्या जागी 'सर' आला, बाईंच्या जागी 'मॅडम' आली. 'मॅडम' हा मूळचा फ्रेंच शब्द, त्याचा अर्थ माझ्या बाई. म्हणजे फिरून आपण बाईंवरच आलो! शाळेतल्या बाईंना आम्ही बाई म्हणत होतो तेव्हा काही कमी मान देत नव्हतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. 'साहेब' खुशाल म्हणा. तोंडाला गोड लागते, कामही हलके होते. पण म्हणताना तीन गोष्टी करा. एक, समोरच्याचे नाव आणि हुद्दा विचारा. साहेब असेल तर सांगेल, नसेल तर उठून जाईल. दोन, भिंतीवरचा फलक वाचा आणि कागद दिला की पोच मागा. तीन, आत बसलेली मुलगी दिसली तर तिला आधी विचारा, बाकावरच्या शर्टाला नंतर. आणि आपल्या मंडळाच्या बैठकीला सरपंचबाई येतील तेव्हा निमंत्रण त्यांच्याच नावाने पाठवू या, त्यांच्या यजमानांच्या नावाने नको. मागच्या वर्षीचे निमंत्रण मीच लिहिले होते आणि त्यात ही चूक केली होती. आज सर्वांदेखत कबूल करते.

एक शेवटचे. आपल्या घरात वाढणाऱ्या मुलींना आपण कौतुकाने म्हणतो, "माझी लेक मोठी साहेब होणार." जरूर म्हणू या. पण साहेब म्हणजे ज्याच्यापुढे माणसे वाकतात ते नव्हे. साहेब म्हणजे अडलेल्या माणसाला जो सोबत करतो तो, हेही तिला त्याच वेळी सांगू या. मग त्या पोरी खुर्चीवर बसल्यावर दारात उन्हात बसलेल्या एखाद्या बाईला आपण होऊन विचारतील, "ताई, कोणाकडे काम आहे?"

माझे थोडे लांबले.  आता हळदीकुंकू घ्यायला चला. एवढे बोलून मी खाली बसते.